डबा, खोली आणि कॉलेज

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन लागतं ते पिंगळी. त्यानंतर मिरखेल आणि मग पूर्णा जंक्शन. एक्स्प्रेस गाडीनं जाणाऱ्याच्या हे गाव लक्षातही येत नाही. पण कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींची राहण्याची सोय, त्यांची कामधंद्याची धडपड, त्यांना मिळणाऱ्या सवलती आणि त्यांची मंडळं, असा विषय मला बोलायला दिला तेव्हा मला आधी पिंगळीच आठवलं. विषय ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सहसा पुण्यामुंबईचं मोठं कॉलेज उभं राहतं. पिंगळीचा विद्यार्थी त्या चित्रात कुठेच नसतो. शहर एका स्टेशनाच्या अंतरावर असल्यामुळे त्यानं खोली करून राहावं असं घरच्यांना वाटत नाही. आणि सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला वेळेवर पोचायचं तर ते अंतर पुरेसं लांबही आहे.

अशा विद्यार्थ्याला आपल्याकडे शब्द आहे, ‘अपडाऊन’वाला. हा शब्द इंग्रजी असला तरी आता तो पक्का मराठवाडी झाला आहे. परभणीत जिंतूर रोडला ज्ञानोपासक महाविद्यालय आहे, वसमत रोडला शिवाजी महाविद्यालय आणि त्याच रस्त्याला कृषी विद्यापीठ. या आणि अशा संस्थांतल्या वर्गांत बसणारी कितीतरी मुलं सकाळी कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेली असतात आणि संध्याकाळी परत जायची असतात. त्यांचा दिवस कॉलेजच्या घंटेवर चालत नाही, गाडीच्या वेळेवर चालतो. शेवटचा तास चालू असताना जी मुलं दप्तर आवरायला लागतात त्यांना आपण बेशिस्त म्हणतो. त्यांच्या गावची शेवटची गाडी किती वाजता आहे हे विचारणारा प्राध्यापक विरळा.

सवलती नाहीत असं नाही. एसटीचा विद्यार्थी पास पूर्ण भाड्याच्या एक तृतीयांश पैशांत मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. रेल्वेची एक सवलत मात्र खेड्यात फारशी कुणाला ठाऊक नसते. घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत आहे. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ही मर्यादा वाढवण्यात आली. म्हणजे रेल्वे स्टेशन असलेल्या गावातली मुलगी बी. ए., बी. एस्सी. होईपर्यंत प्रवासाला एक रुपया न घालता शिकू शकते. कॉलेजच्या शिक्क्याचा दाखला घेऊन स्टेशनवर जायचं, एवढंच. पण गाडी कॉलेजच्या वेळेला नसेल तर फुकटचा पासही पाकिटातच राहतो. सवलत द्यायला सरकारला एक आदेश पुरतो, वेळापत्रक जुळवायला मात्र कुणीतरी स्टॅंडवर उभं राहून पाहावं लागतं.

हे वेळापत्रक कोलमडलं म्हणजे काय होतं, ते आपण फार लांबच्या काळात नव्हे, २०२० ते २०२२ या दोन वर्षांत पाहिलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पॅसेंजर गाड्या थांबल्या. एक्स्प्रेस गाड्या पुढे सुरू झाल्या, पण आरक्षणाशिवाय त्यांत चढता येईना, आणि लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या साध्या गाड्या परत यायला फार वेळ गेला. महाराष्ट्रातली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मुलं दीड वर्षानं वर्गात आली, आणि पंधरवडाही झाला नसेल तोच एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपकरी कामगारांची बाजू काय होती हा वेगळा विषय आहे, आणि त्यांच्या घरातही कॉलेजात जाणारी मुलं होतीच. पण खेड्यातल्या विद्यार्थ्याची रेल्वे गेली, एसटी गेली, आणि उरली ती काळीपिवळी जीप. तिचं रोजचं भाडं दोन बहिणी आणि एक भाऊ शिकणाऱ्या घराला कसं परवडणार? मग हिशेब होतो. भाऊ जातो, धाकटी घरून अभ्यास करते, थोरलीच्या कॉलेजचं नंतर पाहू म्हणतात. आणि घरात बसलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय निघायला आपल्याकडे वेळ लागत नाही. त्या वर्षी ज्या मुलींचं शिक्षण सुटलं त्यांचं कारण कॉलेजच्या रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ असंच लिहिलं गेलं असणार.

आता डब्याविषयी बोलतो. जी मुलं लांबच्या गावाहून येऊन शहरात खोली करतात, त्यांच्यासाठी मराठवाड्यात एक व्यवस्था वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिचा ना शासन निर्णय आहे ना तिला अनुदान आहे. आई पहाटे उठून भाकरी करते. पितळी किंवा स्टीलचा डबा कापडात बांधून, वर ऑइलपेंटनं नाव घालून, पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला जातो. गाडी शहराच्या स्टॅंडवर लागली की डबे उतरतात आणि मुलगा सायकलवर येऊन आपला डबा ओळखून घेतो. कालचा रिकामा डबा संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत. त्यात ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शनिवारी गावी जाऊन आला की दोन दिवस टिकणारे धपाटे आणि दशम्या. डब्यात कधी चिठ्ठी असे, कधी घडी केलेली नोट. मोबाइल आल्यावर चिठ्ठ्या गेल्या, डबा पुष्कळ वर्षं राहिला.

या डब्यावर डॉक्टर झाले, तहसीलदार झाले, शिक्षक तर किती झाले याची गणतीच नाही. पण त्याचं कौतुक करताना त्यातली मेख विसरू नये. हा डबा बहुतेक मुलाचाच असायचा. मुलीला गावाबाहेर खोली करून ठेवायचं नाही, त्यामुळे तिच्यासाठी डब्याचा प्रश्नच येत नसे. तिची बहीण किंवा आई भावाच्या डब्यासाठी पहाटे चारला उठत असे. मुलींची वसतिगृहं हा प्रश्न आपण सुरक्षिततेचा मानतो. तो तितकाच पहाटे चारच्या चुलीचाही आहे.

खोली आणि जेवण यांच्यावर शिक्षण अडतं, ही गोष्ट महाराष्ट्राला आज कळली असं नाही. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका घरी. पण ती दारं कुणासाठी उघडी होती आणि कुणासाठी बंद, हे सांगायला नकोच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं त्यांच्या आश्रयानं निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शाळा काढण्याइतकंच वसतिगृह काढणं महत्त्वाचं आहे, हे त्या राजाला नेमकं कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी खडी फोडली, शेती केली आणि फी न भरता पदवी घेतली.

आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी हैदराबादेला उस्मानिया विद्यापीठात जावं लागे. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं, हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. सांगायचं हे, की वसतिगृह ही नुसती झोपायची जागा नसते. चार गावची मुलं एकत्र राहिली की ती विचार करायला लागतात, आणि राज्यकर्त्यांना ते कळतं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि नागसेनवनात वसतिगृहंही उभी राहिली. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. खेड्यातला दलित मुलगा नागसेनवनात येऊन राहू शकला म्हणून शिकू शकला. घरून रोज जाऊन-येऊन त्याला हे जमलं नसतं.

पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती हे काम करते आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी ती सुरू केली. ग्रामीण भागातल्या मुलामुलींना अल्प खर्चात राहायला-जेवायला जागा आणि वसतिगृहातली कामं मुलांनीच वाटून घ्यायची, अशी तिची पद्धत. अशी एखादी समिती प्रत्येक जिल्ह्याच्या गावी का निघाली नाही, याचं मला कोडं आहे. मंगल कार्यालयं मात्र भरपूर निघाली.

परभणीत आज ज्याला वसतिगृह मिळत नाही तो खोली शोधतो. विद्यापीठाच्या काळ्या कमानीच्या आसपास, वसमत रोडला, जिंतूर रोडला गल्लोगल्ली ‘विद्यार्थ्यांसाठी रूम भाड्याने’ अशा पाट्या दिसतात. एका खोलीत तिघे-चौघे, लाइटबिल वेगळं, डिपॉझिट वेगळं, पाहुणा आला तर मालकाची परवानगी. खोली देण्याआधी आडनाव विचारलं जातं, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पूर्वी वारानं जेवताना जो प्रश्न होता तो अजून पुरता मिटलेला नाही.

सरकारी योजना आहेत त्यांची नावं निदान ऐकून ठेवा. सामाजिक न्याय विभागाची मागासवर्गीय मुलामुलींची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठीची रक्कम थेट बँकेच्या खात्यात येते आणि ती शहरानुसार ठरते. ज्या शहरात शिकतो तिथला तो रहिवासी नसावा, ही त्यातली एक अट. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. योजना चांगल्या आहेत. अडचण एकच आणि ती सगळ्यांची सारखीच आहे. घरमालकाला भाडं पहिल्या तारखेला लागतं, मेसवाल्याला पैसे आगाऊ लागतात आणि योजनेचा हप्ता त्याच्या सवडीनं येतो. मधले महिने मुलगा कसे काढतो, हे कुठल्याही अर्जात विचारलेलं नसतं.

ते महिने तो काम करून काढतो. खेड्यातला विद्यार्थी नोकरीसाठी जाहिरात पाहत बसत नाही. ऑक्टोबर आला की सोयाबीन काढणीचं गुत्तं घेतो. चार मित्र मिळून एकराच्या भावानं काम उचलायचं, पहाटे सुरू करायचं, आठवड्यात दोन-तीन शेतं उरकायची. पुढे कापूस वेचणी. लग्नसराईत कॅटररकडे वाढपी. एरवी मोबाइलचं दुकान, मेडिकल, पेट्रोल पंप, ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र. सोयाबीनची काढणी आणि परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत साधारण एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत वर्ग रिकामे दिसतात म्हणून आपण हळहळतो. पण त्या गुत्त्याच्या पैशांतच तो फॉर्म भरला जातो. याला दांडी म्हणणं मला पटत नाही.

बहुतेक विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आजही आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत रोज दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे मोबदला. कल्पना कर्मवीरांची, पण अनेक ठिकाणी तिचा जीव लहान झाला आहे. मोजक्या मुलांना काम आणि तेही झाडांना पाणी घालण्याचं. शारीरिक कामाला मी कमी लेखत नाही. कर्मवीरांची मुलं खडीच फोडत होती. पण तेव्हा त्या कामावर पूर्ण शिक्षण निघत होतं, मुलाची मान ताठ राहत होती. आज जिल्ह्याच्या कॉलेजात संगणक आहेत, माती परीक्षणाची उपकरणं आहेत, हिशेब आहेत, जुनी हस्तलिखितं आहेत. विद्यार्थ्याला तिथे कामाला बसवलं तर पैसे मिळतील आणि हातात कसबही येईल. आणि मोबदला महिन्याच्या महिन्याला द्यावा. मेसवाला मार्चअखेरची वाट पाहत नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. पण शिक्षण चालू असलेल्याला ती नाही. म्हणजे कॉलेज सोडलेल्या मुलाला पैसे आणि कॉलेज टिकवून धरणाऱ्याला काही नाही. असा विचार करून ती आखली असेल असं मी म्हणत नाही, पण गावात तिचा अर्थ तसाच लावला गेला.

इथे १९७४ ची आठवण होते. त्या वर्षी मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटवलं. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थ्यांचे बळी गेले. त्यांच्या मागण्यांत नोकऱ्या होत्या, उद्योग होते आणि मीटरगेज रेल्वेचं ब्रॉडगेज करा ही मागणीही होती. ब्रॉडगेज आलं ते नव्वदच्या दशकात. स्वतंत्र विद्यापीठ नांदेडला १९९४ मध्ये झालं आणि परभणीच्या कॉलेजांना औरंगाबादचे हेलपाटे थांबले. नोकऱ्यांची मागणी मात्र अजून तशीच आहे. त्या पिढीनं पदवीनंतरची नोकरी मागितली होती. आजच्या मुलाला पदवी हातात पडेपर्यंत टिकून राहण्यासाठीही काम हवं आहे.

राहिली मंडळं. कॉलेजात वाङ्मय मंडळ असतं, भित्तिपत्रक असतं, युवक महोत्सव असतो. राज्यभरातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव २००३ पासून भरतो. नाटकाची तालीम संध्याकाळी पाचनंतर असते आणि अपडाऊनवाला मुलगा पाचला स्टॅंडवर असतो. त्यामुळे स्टेजवर शहरातली मुलं दिसतात आणि खेड्यातल्यांना कलेची आवड नाही असा समज होतो. ज्याच्या घरी भजनी मंडळात तीन पिढ्या मृदंग वाजतो त्याला आवड नाही कसं म्हणता? तालीम दुपारी घ्या, तो येतो की नाही बघा.

राष्ट्रीय सेवा योजना या बाबतीत अधिक न्यायाची आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष होतं. वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर. शिबिर खेड्यात असतं, त्यामुळे तिथे खेड्यातला मुलगा आपोआप पुढारी होतो. विहिरीवर मोटर कशी चालू करायची, सरपंचाशी कसं बोलायचं, पन्नास माणसांचं पिठलं किती लागतं, हे त्यालाच ठाऊक असतं. कृषी विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची मुलंमुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत येतात. लोक त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतात. बीजप्रक्रिया कशी करायची, उगवणक्षमता कशी तपासायची, निंबोळी अर्क कसा काढायचा हे ती बांधावर दाखवतात. गावातल्या बी. ए., बी. कॉम. करणाऱ्या मुलांनी या पाहुण्यांसोबत दोन-चार महिने फिरावं, असं कुणी का जुळवून आणत नाही? दोघंही विद्यार्थी, दोघंही एका गावात, आणि ओळख नाही.

गावातलं खरं मंडळ मात्र पहाटे रस्त्यावर दिसतं. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात धावत असतात, आता मुलीही असतात. त्यांना ना मैदान आहे ना प्रशिक्षक. डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात धावायचं. ग्रामपंचायतीनं गायरानाचा एक तुकडा सपाट करून चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक आखून दिला तर खर्च किती येईल? शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते अकरा अभ्यासिका म्हणून उघडी ठेवली तर? पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांत मराठवाड्याची मुलं केवढी आहेत! त्यांतली काही तरी पहिलं वर्ष गावातच बसून काढू शकतील आणि बापाचे तेवढे पैसे वाचतील.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला गुण आहेत. जूनपासून कॉलेज मुलांना विचारणार, कुठे काम करणार? ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र, सोसायटी, पोस्ट, आरोग्य उपकेंद्र, ही सगळी ठिकाणं गावातच आहेत. त्यांच्या प्रमुखांशी आताच बोलून ठेवावं, पत्र तयार करून घ्यावं.

आणि पालकांना एक विनंती. वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज आता ऑनलाइन असतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे वैधता प्रमाणपत्र लागतं, रहिवासी दाखला लागतो, आणि बँकेचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. जून उजाडला की सेवा केंद्रावर रांग लागते आणि पेरणीही त्याच आठवड्यात येते. हे कागद एप्रिल-मे मध्ये काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घरात वर ठेवून द्यावेत. मुलीचे आधी काढावेत, कारण तिचा अर्ज राहिला तर पुढच्या वर्षी भरू असं म्हणणारे घरात पुष्कळ असतात.